गाळलेल्या जागा भरा

एकरेघी वहीचं कोरं पान घ्या. मधल्या एखाद्या रेघेवर डावीकडे पेनानं फुली मारा. त्याच रेघेवर, फुलीच्या उजवीकडे चार बोटं सोडून, एक लाल टिकली चिकटवा. छोटीच हवी, मसुराच्या डाळीएवढी. आता डावा डोळा हातानं झाका, उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडे बघत राहा आणि वही हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणा. टिकलीकडे बघायचा मोह होईल, तो आवरा. वही चेहऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर आली की टिकली नाहीशी होते. वही आणखी जवळ आणली की परत दिसू लागते.

टिकली नाहीशी का होते, हे शाळेत शिकवलेलं असतं. डोळ्याच्या पडद्यावर जिथून दृष्टीचा मज्जातंतू बाहेर पडतो, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू. फ्रेंच शास्त्रज्ञ एदम मारिओत यांनी तो १६६० च्या दशकात शोधला. बिंदू म्हणायचं, पण आकार लहान नाही. आकाशात बघितलं तर पौर्णिमेचे आठ-दहा चंद्र ओळीनं मावतील एवढा पट्टा एका डोळ्याला दिसतच नाही.

खरं नवल पुढे आहे. टिकली गेल्यावर त्या जागी भोक दिसत नाही की काळा ठिपका दिसत नाही. तिथे वहीची रेघ दिसते, सलग, न तुटलेली. प्रत्यक्षात तेवढी रेघ टिकलीखाली झाकलेली आहे. डोळ्याकडून त्या जागेची काहीही बातमी आलेली नाही. तरी मेंदूनं आजूबाजूला पाहिलं, अंदाज बांधला आणि रेघ ओढून टाकली. वर आपल्याला सांगितलंही नाही.

परीक्षेत ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न आला की वर्गातली काही पोरं एकही जागा कोरी सोडत नाहीत. येत असो वा नसो, काहीतरी ठोकून देतात, आणि तेही इतक्या ठाम अक्षरात की तपासणाऱ्याला क्षणभर स्वतःचीच शंका यावी. माणसाचा मेंदू याच जातीचा विद्यार्थी आहे.

दुसरा नमुना आरशासमोर मिळतो. आरशात आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. आपले डोळे हलताना आपल्याला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र त्यांच्या उड्या स्वच्छ दिसतील. जागेपणी डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारतात. उडीच्या वेळी समोरचं चित्र फरफटतं, म्हणून मेंदू तेवढ्यापुरता डोळ्यांचा आवाज बारीक करतो आणि आधीचा-नंतरचा तुकडा जोडून देतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदम नजर टाकली की सेकंदकाटा पहिल्या ठोक्याला जरा जास्तच रेंगाळल्यासारखा वाटतो, तो या जोडकामाचाच परिणाम. हरवलेला वेळ मेंदूनं मागाहून भरून काढलेला असतो.

हे सगळं करणारा अवयव दिसायला अगदीच साधा. वजन १.३ ते १.४ किलो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या बरणीत दिसतो तो मेंदू औषधानं कडक झालेला असतो. ताजा मेंदू खरवसासारखा मऊ. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतला वीस टक्के भाग तो एकटा खातो. तरीही ती सगळी ऊर्जा मोजली तर वीस वॉटच्या आसपास भरते. पूर्वी देवघरात किंवा बोळात जो झिरोचा बल्ब असायचा, तो नावाला झिरो असूनही पंधराएक वॉट खायचा. विचार, आठवणी, भाषा, राग, लोभ हे सगळं त्याच्याहून थोड्या जास्त विजेवर चालतं.

म्हणूनच ‘माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो’ हे भाषणांतलं लाडकं वाक्य खोटं आहे. एवढा खर्चिक अवयव नव्वद टक्के बंद ठेवणं कुठल्याही शरीराला परवडलं नसतं. मेंदूच्या चित्रणात झोपेतही सगळीकडे हालचाल दिसते आणि छोट्याशा भागाला इजा झाली तरी काही ना काही बिघडतंच.

मेंदूत पेशी किती, याचं उत्तर पुस्तकं अनेक वर्षं ‘शंभर अब्ज’ असं देत होती. तो आकडा नेमका कोणी मोजला, हे शोधायला ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल निघाल्या, तेव्हा भक्कम मोजणी कुठे सापडेना. मग त्यांनी एक विचित्र वाटणारी पण सरळ पद्धत काढली. मेंदू विरघळवून त्याचं एकजीव सूप करायचं, ते ढवळायचं आणि थेंबातली पेशींची केंद्रकं मोजून हिशोब लावायचा. २००९ साली आकडा आला ८६ अब्ज चेतापेशी. त्याहून गंमत वाटणीत होती. ज्याला मराठीत आपण ‘लहान मेंदू’ म्हणतो, त्याचं वजन एकूण मेंदूच्या दहाव्या भागाएवढं. पण ८६ पैकी सुमारे ६९ अब्ज पेशी त्याच्याच पोटात निघाल्या. नावात लहान, खानेसुमारीत मात्र चार पंचमांश.

एवढी फौज असून अंदाज बांधायची गरज का पडावी? कारण बातमीच तुटपुंजी येते. मेंदू कवटीच्या काळोखात बसलेला आहे. एका डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास, आणि तिथून मेंदूकडे निघणारे तंतू जेमतेम दहा-बारा लाख. शंभर जणांचं म्हणणं एकाच निरोप्यानं सांगावं, तशी स्थिती. मिळालेल्या त्रोटक निरोपावरून बाहेर काय चाललं असेल, हे मेंदूला पूर्वानुभवाच्या जोरावर ताडावं लागतं.

पूर्वानुभवच नसेल तर? हा प्रश्न १६८८ साली डब्लिनच्या विल्यम मोलिनो यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून विचारला होता. मोलिनोंच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती. प्रश्न असा: जन्मांध माणूस घन आणि गोल हातानं चाचपून ओळखतो. उद्या त्याला अचानक दिसू लागलं, तर स्पर्श न करता, नुसतं बघून त्याला कुठला घन नि कुठला गोल हे सांगता येईल का? सव्वातीनशे वर्षं यावर वाद झाले. उत्तर मिळालं ते भारतातल्या मुलांकडून.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत शिकवणारे पवन सिन्हा मूळचे भारतीय. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली, उपचारांअभावी तशीच वाढलेली मुलं उत्तर भारतातल्या खेड्यांत त्यांना आढळली. त्यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’नं अशा मुलांच्या शस्त्रक्रिया दिल्लीत करवून घेतल्या आणि त्याबरोबर दृष्टी कशी जागी होते याचा अभ्यास मांडला. आठ ते सतरा वयाच्या पाच मुलांना पट्टी काढल्यावर लगेच तीन प्रकारे तपासलं गेलं. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखा एक आकार हातात द्यायचा, मग दोन आकार दाखवून विचारायचं, मघाशी हातात होता तो यातला कुठला? हातानं चाचपलेलं हातानं ओळखणं सोपं गेलं. बघितलेलं बघून ओळखणंही जमलं. पण चाचपलेलं बघून ओळखायची वेळ आली तेव्हा मुलं जवळजवळ छापा-काटा केल्यासारखी चुकत होती. पुन्हा तपासणी झाली तेव्हा, काही दिवसांतच, तेही जमू लागलं. २०११ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि मोलिनोंचं पत्र एकदाचं निकाली निघालं.

या मुलांच्या नोंदींत आणखी एक गोष्ट आहे. सुरुवातीला त्यांना समोर वस्तू दिसत नसत, नुसते रंगांचे नि उजेडाचे तुकडे दिसत. चेंडू आणि त्याची जमिनीवरची सावली या त्यांच्या लेखी दोन स्वतंत्र वस्तू. तोच चेंडू घरंगळू लागला, की जे तुकडे एकत्र सरकतात ते एकाचे, हे मेंदूला उमजे. आपण ज्याला ‘नुसतं बघणं’ म्हणतो, ते लहानपणी शिकलेलं आणि शिकल्याचं विसरून गेलेलं कौशल्य आहे.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. सगळं शिकलेल्या मेंदूचा एखादा भाग निकामी झाला तर?

उजव्या बाजूच्या मेंदूला पक्षाघाताचा झटका आलेले आजोबा दवाखान्यातून घरी येतात. सूनबाई ताट वाढते, रीतीप्रमाणे: डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटी; मध्ये भात. आजोबा उजवीकडचं सगळं संपवतात, भाताचाही उजवा अर्धाच खातात आणि विचारतात, “चटणी नाही का गं केलीस?” चटणी समोर आहे. नजर चांगली आहे. पण त्यांच्या मेंदूच्या हिशेबातून जगाची डावी बाजूच वजा झालेली आहे. सूनबाईनं ताट फिरवून दिलं की चटणी एकदम ‘येते’. वैद्यकात ही अवस्था चांगली परिचयाची आहे. असे रुग्ण अर्धीच दाढी करतात, सदऱ्याची एकच बाही चढवतात, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात. घरच्यांना तो हट्ट वाटतो, कधी वेंधळेपणा वाटतो, आणि मग नसती बोलाचाली होते.

हा केवळ नजरेचा दोष नाही, हे इटलीत मिलान शहरात १९७८ साली दाखवलं गेलं. एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्झात्ती यांनी अशा दोन रुग्णांना शहरातला प्रसिद्ध कॅथीड्रल चौक मनात आणायला सांगितला. ‘समजा, तुम्ही चौकाच्या एका टोकाला कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात. काय काय दिसतंय?’ त्यांनी उजव्या हाताच्या इमारती भराभर सांगितल्या, डाव्या हाताच्या जवळजवळ सोडूनच दिल्या. मग सांगितलं, ‘आता कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर जा आणि उलट दिशेला तोंड करा.’ आता मघाशी गाळलेल्या इमारती आठवल्या आणि मघाशी घडाघडा सांगितलेल्या गळाल्या. म्हणजे चौक आठवणीत अख्खाच होता. त्याच्या डाव्या बाजूला जायची वाट तेवढी बंद होती.

याहून चक्रावणारी अवस्था म्हणजे अर्धांग लुळं पडलेल्या काही रुग्णांना ते लुळं पडलंय हेच मान्य नसतं. डॉक्टर म्हणतात, डावा हात वर करा. हात पलंगावर निपचित. रुग्ण म्हणतो, केला की. जरा खोदून विचारलं तर कारणं येतात: खांदा दुखतोय, आज कंटाळा आलाय, हा हात माझा नाहीच. खोटं बोलायचा हेतू नसतो. हातात कोणताही बिघाड झालेला नाही असं धरून मेंदूनं उत्तरपत्रिका भरलेली असते.

याच्या नेमका उलटा प्रकार हात तुटलेल्यांच्या बाबतीत घडतो. हात नाही, तरी तो आहे असं वाटत राहतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी या भासाला ‘भुताचा अवयव’ अशा अर्थाचं नाव दिलं. नसलेल्या हाताला खाज सुटते, कळा येतात. काहींना तर मूठ इतकी घट्ट आवळल्यासारखी वाटते की नखं तळव्यात रुततात. नसलेल्या मुठीला सोडवायचं कसं?

चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले आणि पुढे कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला स्थिरावलेले विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर केलेला उपाय कुठल्याही सुताराला अर्ध्या तासात करून देता येईल असा होता. एक खोका, मध्ये उभा आरसा. शाबूत हात आरशासमोर ठेवायचा, की आरशात दुसरा हात जागेवर आल्यासारखा दिसतो. आता शाबूत हाताची मूठ उघडायची. डोळ्यांना दिसतं, गेलेल्या हाताचीही मूठ उघडली. काही रुग्णांची वर्षानुवर्षं आवळलेली मूठ त्या क्षणी सुटली. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण काही रुपयांच्या आरशानं मेंदूला मनवता येतं, हे पटायला एक रुग्णही पुरे होता.

रामचंद्रन यांनी आणखी एक गंमत नोंदवली होती. कापसाच्या काडीनं रुग्णाच्या गालाला स्पर्श केला, की तो स्पर्श गेलेल्या हाताच्या बोटांवरही जाणवत असे. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा असतो आणि त्यात हाताचा शेजारी चेहरा आहे. घर रिकामं पडलं की शेजाऱ्यानं कुंपण सरकवावं, तसं चेहऱ्यानं हाताच्या जागेवर अतिक्रमण केलं असा त्यांचा कयास. अलीकडच्या संशोधनानं मात्र या कयासाला धक्का दिला आहे. हात गेल्यावर अनेक वर्षांनीही मेंदूतला हाताचा नकाशा बराचसा जागच्या जागी असतो असं दिसतंय. सातबारा अजून जुन्याच मालकाच्या नावावर आहे म्हणायचा.

इथवरच्या चुका संवेदनांच्या झाल्या. कारणं देण्याच्या बाबतीत तर मेंदू कमालीचा हजरजबाबी आहे, आणि ते कळलं अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांमुळे. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांना सुमारे २० कोटी तंतूंचा एक पूल जोडतो. फिट आवरतच नसतील तर पूर्वी तो पूल शस्त्रक्रियेनं कापत. असे रुग्ण वरवर अगदी ठीक असत. रॉजर स्पेरी यांनी त्यांचा अभ्यास केला, १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचे विद्यार्थी मायकल गझानिगा यांनी सत्तरच्या दशकात पूल कापलेल्या एका किशोरवयीन मुलावर केलेला प्रयोग पुढे जगभर गाजला.

युक्ती अशी होती की समोरच्या दृश्याचा उजवा भाग डाव्या मेंदूला आणि डावा भाग उजव्या मेंदूला तेवढा दिसावा. डाव्या मेंदूला, म्हणजे बोलणाऱ्या मेंदूला, दाखवला कोंबडीचा पंजा. उजव्या, मुक्या मेंदूला दाखवलं बर्फात बुडालेलं घर. मग बरीच चित्रं पुढ्यात ठेवून जुळणारं निवडायला सांगितलं. मुलाच्या उजव्या हातानं कोंबडी उचलली, डाव्या हातानं फावडं. दोन्ही उत्तरं बरोबर. आता विचारलं, फावडं कशाला? बोलणाऱ्या मेंदूला बर्फाची गंधवार्ताही नव्हती. ‘ठाऊक नाही’ हे खरं उत्तर झालं असतं. मुलानं क्षणही न दवडता सांगितलं, की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागणारच.

पूल कापलेल्यांचंच असं होतं असं समजून कोणी निर्धास्त होऊ नये. स्वीडनमधल्या पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धडधाकट माणसांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून जास्त आकर्षक वाटला तो निवडायला सांगितलं. मग हातचलाखी करून काही वेळा नाकारलेलाच फोटो त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, हा का आवडला? बहुतेकांच्या अदलाबदल लक्षातच आली नाही. आणि जो चेहरा त्यांनी निवडलाच नव्हता, तो का निवडला याची कारणं त्यांनी तपशीलवार दिली. ज्यांच्या घरी लग्नाची बोलणी चालू आहेत त्यांनी हा प्रयोग सध्या वाचला नाही तरी चालेल.

आठवणींचं काय? ‘गजनी’ चित्रपटामुळे नवी आठवण साठवू न शकणारा माणूस घरोघर ठाऊक झाला. खऱ्या आयुष्यातला तो माणूस म्हणजे अमेरिकेतले हेन्री मोलायसन. १९५३ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, फिट थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर घडलेली गोष्ट काही क्षणांपलीकडे टिकेना. कॅनडाच्या ब्रेंडा मिल्नर त्यांना वर्षानुवर्षं भेटत राहिल्या. त्यांच्या लेखी प्रत्येक भेट पहिलीच. मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीच्या कडेकडेनं पेन्सिल फिरवायला लावली. पहिल्या दिवशी गिचमीड, तिसऱ्या दिवशी सफाई. हे आपण पूर्वी कधी केलंय हे मात्र त्यांना आठवत नव्हतं. हाताला येतं आणि डोक्याला माहीत नाही, असं असू शकतं. म्हणजे आठवणींची कोठारं एकाहून जास्त आहेत, हे विज्ञानाला पहिल्यांदा इथे स्वच्छ दिसलं. मोलायसन २००८ साली वारले. त्यानंतर त्यांच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून जतन केले गेले.

ज्यांचा हिप्पोकॅम्पस शाबूत आहे त्यांनीही फार मिरवू नये. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयान उडताच फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होता. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न विचारले. सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थ्यांचा एकही तपशील जुळला नाही, आणि तरी खात्री दांडगी. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी आताची आठवणच खरी वाटणारेही निघाले.

महाराष्ट्रात हा प्रयोग घरच्या घरी करता येईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र उलटत असताना, किल्लारीचा भूकंप झाला. त्या पहाटे आपण कुठे होतो, जाग कशी आली, आधी कोण ओरडलं, हे मराठवाड्यातल्या पन्नाशीच्या कोणालाही विचारा. चित्रपटासारखं सांगतील. मग त्यांच्या सख्ख्या भावंडांना वेगळं बसवून तेच विचारा.

अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली दाखवलं, की आठवण बिघडवायला एक क्रियापदही पुरतं. दोन मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवून काहींना विचारलं, ‘गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता?’ इतरांना विचारलं, ‘गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा वेग किती होता?’ आठवड्यानं दोन्ही गटांना विचारलं, काचा फुटलेल्या दिसल्या का? पहिल्या गटात ५० पैकी ७ जण हो म्हणाले, दुसऱ्यात ५० पैकी १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

म्हणून पुण्यातली एक घटना इथे सांगायला हवी. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात दिलेल्या दोषनिर्णयात, इतर पुराव्यांबरोबर, मेंदूच्या एका चाचणीचाही आधार घेतला. बंगळुरूचे चंपाडी रमण मुकुंदन यांनी ती चाचणी विकसित केली होती. आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे, डोळे मिटून बसवायचं आणि गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची. आरोपीनं तोंड उघडायची गरज नाही. मेंदूतल्या विद्युतलहरींवरून, ती गोष्ट त्यानं प्रत्यक्ष अनुभवली आहे की नुसती ऐकली आहे, हे कळतं असा दावा. जगभरात त्याची चर्चा झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी कुठलीही चाचणी संमतीवाचून करता येणार नाही. न्यायालयाचा मुद्दा होता स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा. विज्ञानाचा मुद्दा त्याहून साधा आहे. आठवण मेंदूत टेप करून ठेवलेली नसते, दर वेळी ती नव्यानं जुळवली जाते. पोलिसांच्या चौकशीत दहादा ऐकलेली हकिगतही त्या जुळवणीत शिरू शकते. अशा मेंदूच्या लहरींवर कोणाला जन्मठेप होऊ नये.

राहिली एक गोष्ट, आणि ती बहुतेक घरांना कधी ना कधी उपयोगी पडेल. अंधबिंदूएवढी छोटी जागा मेंदू बिनबोभाट भरतो. ही कोरी जागा वाढत गेली तर? जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० साली आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं. आजोबा एकोणनव्वद वर्षांचे, मोतीबिंदूमुळे दृष्टी अधू, बुद्धी तल्लख. त्यांना खोलीत माणसं दिसायची, बायका दिसायच्या, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. ती खरी नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांना मौजच वाटायची. या अवस्थेला आज बॉनेंचंच नाव आहे. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याच्या विकारानं डोळ्यांकडून येणारी बातमी आटली, की मेंदू स्वतःच चित्रं रंगवू लागतो: जाळ्या, वेलबुट्ट्या, अनोळखी चेहरे, कधी नटूनथटून चाललेली बोटभर उंचीची माणसं. चित्रं मुकी असतात, त्यांना आवाज नसतो. पुष्कळ म्हातारी माणसं हे कोणालाही सांगत नाहीत, कारण आपल्याला वेड लागलं म्हणतील अशी भीती असते. आणि सांगितलं तर काही घरांत खरोखरच अंगारे-धुपारे सुरू होतात.

आजी जर म्हणाली, “अंगणात कोणीतरी बसलंय गं, पण बोलत नाहीत,” तर तिला दटावू नका. ती माणसं खरी वाटतात का, त्यांचा आवाज येतो का, एवढं शांतपणे विचारा. डोळे इकडून तिकडे फिरवून बघायला सांगा. काहींची चित्रं तेवढ्यानं विरतात. आवाज येत असतील, ताप असेल, बोलण्यात गोंधळ असेल किंवा नुकतंच नवं औषध सुरू झालं असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. यातलं काही नसेल, तर नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या. मोतीबिंदू असेल आणि तो काढला, तर अंगणातली माणसं बहुधा निघून जातात.